हा वाक्प्रचार आहे, की आजोबा खरंच कुत्र्याबद्दल बोलतायत?

कोरी_पाटी

मंडळी, मदत हवी आहे. एका मुलाखतीचं इंग्रजीतून मराठी करतेय. बोलणारे गृहस्थ अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातले, ऐंशीच्या पुढचे. जन्मभर शेती केली आणि काही वर्षं गावच्या पाणी समितीवर होते. भाषा एकदम सोपी आहे आणि मी अडलेय ती त्या सोपेपणामुळेच. शब्द सगळे पहिलीतल्या मुलाला येतील असे, पण वाक्याचा पत्ता लागत नाही.

तीन वाक्यं देते. उच्चार देवनागरीत लिहिलेत, सांभाळून घ्या.

१. समितीसमोर कोणीतरी नवी योजना मांडली. त्यावर हे म्हणतात, 'आय टोल्ड देम, दॅट डॉग वोन्ट हंट.'

२. हात आखडला होता त्या वर्षाबद्दल: 'वुई सोल्ड द बॅक फोर्टी.'

३. पुरानंतर केलेल्या कामाबद्दल: 'बाय देन वुई वेअर जस्ट पेंटिंग द बार्न डोअर आफ्टर द हॉर्स वॉज गॉन.'

पहिल्याचं मी सरळ 'तो कुत्रा शिकार करणार नाही' असं केलं होतं. हसू नका. मुलाखतीबरोबरच्या फोटोत त्यांच्या पायाशी खरोखरच एक कुत्रा बसलाय. संपादकबाईंनी समासात नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं. तेव्हापासून मला प्रत्येक वाक्याचा संशय यायला लागलाय. अर्थ तुम्ही सांगालच, पण एखादं अनोळखी वाक्य वाक्प्रचार आहे की नाही हे ठरवायचं कसं? पुढच्या वेळी मला एकटीला ठरवता आलं पाहिजे.

तिरकस

कुत्रा समितीवर होता का, एवढं आधी स्पष्ट करा.

रुमाल टाकून ठेवतो. (हलके घ्या.)

शब्दवेडा

छान विषय. पहिलं वाक्य वाक्प्रचारच आहे. 'ही कल्पना चालणार नाही', 'हा युक्तिवाद टिकणार नाही' असा अर्थ. अमेरिकेच्या दक्षिणेकडे जास्त ऐकू येतो.

पण तुम्ही विचारलंय कसं ओळखायचं ते. माझी सवय सांगतो. मी आधी 'दॅट' बघतो. 'तो' कुत्रा म्हणजे कुठला? आधीच्या परिच्छेदांत कुत्र्याचं नावही नसेल आणि बोलणारा एकदम 'तो' म्हणत असेल, तर त्याने गृहीत धरलंय की ऐकणाऱ्याला तो कुत्रा आधीच माहीत आहे. समितीतल्या सगळ्यांना माहीत असलेला कुत्रा भाषेतलाच असणार. फोटो मुलाखतीत छापलेला आहे, त्या दिवशीच्या समितीसमोर नव्हता.

दुसरं, शब्द बदलून बघायचे. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. तिथे बकेटच्या जागी 'पेल' (तीही बादलीच) घाला, अर्थ गेला. 'द बकेट वॉज किक्ड' असा कर्मणी प्रयोग करा, आता खरीच बादली लाथाडली. (हा वाक्प्रचार फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या रांगड्या बोलीच्या कोशात आहे, म्हणजे तेव्हाही जुनाच असणार.) आपल्याकडचं बघा. 'डोळा लागला' म्हणजे झोप लागली. त्याचं नुसतं अनेकवचन करा, 'डोळे लागले', की माणूस झोपायचा सोडून कोणाची तरी वाट बघत बसतो. व्याकरणाला एवढंसं खुट्ट केलं आणि अर्थ ढासळला, तर तिथे वाक्प्रचार आहे असं समजावं.

गवाक्ष

शब्दवेडा, पटलं, पण अर्धंच. ही कसोटी भाषा मुरलेल्याला लागू पडते. 'डोळे लागले' ऐकून तुम्हाला खटकतं कारण मराठी तुमची आहे. 'द बकेट वॉज किक्ड' मधलं काय खटकतं ते मला आधी कोणीतरी सांगावं लागतं. ज्याला वाक्प्रचार माहीत नाही त्याने शब्द बदलून बघायचे, आणि बदललेलं चुकलं की नाही हे कोणाला विचारायचं?

शिवाय सगळे वाक्प्रचार एवढे ताठ नसतात. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. त्याचं 'द बीन्स वेअर स्पिल्ड' खुशाल होतं. नुनबर्ग, सॅग आणि वासो या तिघा भाषाशास्त्रज्ञांचा १९९४ चा यावरचा लेख प्रसिद्ध आहे. बीन्स म्हणजे गुपित आणि स्पिल म्हणजे फोडणे अशी अर्थाची वाटणी करता येते, म्हणून तो वाक्प्रचार लवचिक राहतो. किक द बकेटमध्ये बादली म्हणजे काय, याला उत्तरच नाही. तेव्हा वाक्य वाकलं म्हणून तो वाक्प्रचार नाही, असं म्हणता येत नाही.

माझ्या मते परक्या भाषेत एकच भरवशाची गोष्ट आहे. एकमेकांना न ओळखणारी माणसं तेच शब्द, त्याच अर्थाने, काही स्पष्टीकरण न देता वापरतात का, ते बघायचं.

शब्दवेडा

बरोबर आहे. माघार. तरी 'दॅट'चा मुद्दा सोडत नाही.

कोरी_पाटी

गवाक्ष, ते बघायचं कसं? मी नुसतं टाकून शोधलं तर शिकारी कुत्र्यांना शिकवण्याचीच पानं आली.

गवाक्ष

पूर्ण वाक्य दुहेरी अवतरणात टाका, म्हणजे तेच शब्द त्याच क्रमाने असतील तेवढंच मिळेल. मग निकालांत कुत्रे नसलेल्या जागा शोधा. राजकारण, कोर्ट, खेळ, कंपनीचा ताळेबंद. कुत्र्यांच्या पानावर 'दॅट डॉग वोन्ट हंट' सापडलं तर काहीच सिद्ध होत नाही. करविषयक बातमीत सापडलं की झालं काम.

'या वाक्प्रचाराचा अर्थ' छापाची पानं मात्र मोजू नका. ती एकमेकांवरून उतरवलेली असतात. पन्नास पानं दिसतात आणि साक्षीदार एकच असतो.

याहून बरं म्हणजे भाषासंग्रह. अमेरिकन इंग्रजीचा कोका म्हणून आहे, १९९० ते २०१९ मधले शंभर कोटींहून जास्त शब्द. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस दहा कोटींचा. तिथे प्रत्येक वापर आजूबाजूच्या ओळींसकट दिसतो. छापील पुस्तकांतल्या शब्दांचा वर्षवार आलेख काढणारा गूगलचा एनग्रॅमही कामाचा आहे, पण त्यात पाचपेक्षा जास्त शब्दांची जुळणी बघता येत नाही आणि निदान ४० पुस्तकांत न आलेली जुळणी धरलीच जात नाही. म्हणजे तिथे आलेख उमटला तर पुरावा, नाही उमटला तर काहीच नाही.

तुमच्या कुत्र्यासाठी एक पक्का साक्षीदार देतो. १९८८ च्या जुलैमध्ये अटलांटाला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन झालं. टेक्ससच्या तेव्हाच्या कोषाध्यक्ष अ‍ॅन रिचर्ड्स यांनी बीजभाषण केलं. न उडणाऱ्या विमानांवर आणि गोळा न डागणाऱ्या रणगाड्यांवर अब्जावधी खर्च होतात असं सांगून त्या म्हणाल्या, 'दॅट ओल्ड डॉग वोन्ट हंट.' भरल्या सभागृहात, टीव्हीवर, एका शब्दाचंही स्पष्टीकरण न देता. आणि मध्ये 'ओल्ड' घातला तरी वाक्य मोडलं नाही, हेही बघा.

तिरकस

मी तर म्हणतो एवढे कष्ट कशाला, चॅटबॉटला विचारायचं.

गवाक्ष

विचारा, पण प्रश्न कसा विचारता त्यावर सगळं आहे. 'या वाक्प्रचाराचा अर्थ काय' म्हटलं की तो वाक्प्रचार आहे हे तुम्हीच सांगून टाकलंत. २०२५ च्या एप्रिलमध्ये हीच गंमत गाजली होती. लोक मनाला येईल ती वाक्यं रचून शोधयंत्रात टाकायचे, पुढे 'अर्थ' असं लिहायचे, आणि वर येणारं यंत्राचं उत्तर गंभीर चेहऱ्याने अर्थ सांगायचं. 'यू कान्ट लिक अ बॅजर ट्वाइस' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. कोणीतरी गंमत म्हणून रचलेलं वाक्य, तर म्हणे एकदा फसलेल्याला पुन्हा फसवता येत नाही. अर्थ इतका छान बसतो की म्हण खरीच असायला हवी होती.

अर्थ लावता येणं हा पुरावाच नाही. माणूस कशाचाही अर्थ लावतो.

जहाजवाला

याच्या उलटा किस्सा. मी मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. आमच्याकडे एक नवा मुलगा आला होता, इंग्रजी चांगलं, वाचन दांडगं. एका ग्राहकाने विचारलं, आमचा कंटेनर बदलून घेता येईल का. पलीकडच्या बंदरातून आम्हाला मेल आली, 'सॉरी, दॅट शिप हॅज सेल्ड.' मुलाने ओळखलं, हा वाक्प्रचार! 'आता वेळ निघून गेली' असा अर्थ. आणि ग्राहकाला कळवलं की बदल करण्याची मुदत संपली आहे, क्षमस्व.

ग्राहक दोन दिवस मुदत वाढवून मागत बसला. मुदतीचा काही प्रश्नच नव्हता हो. जहाज गेलं होतं. कंटेनरसकट.

तेव्हापासून आमच्या खात्यात नियम आहे, आधी खरं जहाज आहे का ते बघा.

कोरी_पाटी

जहाजवाला, हसून पुरेवाट! म्हणजे माझ्या उलटी चूक. मी खरा कुत्रा धरला, त्याने खरं जहाज सोडलं.

तिरकस

बॅक फोर्टी राहिलंय. माझा अंदाज, चाळीस वर्षांचा बॅकलॉग.

सेवानिवृत्त_मोजणीदार

नमस्कार. मी इंग्रजीचा जाणकार नाही, इथे बहुतेक वेळा वाचनमात्र असतो. पण आयुष्य जमीन मोजण्यात गेलं, त्यामुळे दुसऱ्या वाक्याबद्दल थोडं सांगू शकेन.

यात वाक्प्रचार नाही. त्यांनी मागची चाळीस एकर जमीन विकली, एवढंच म्हणतायत.

अमेरिकेत १७८५ च्या कायद्याने जमिनीची चौकोनी मोजणी सुरू झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौरस, त्याला टाउनशिप म्हणायचं. त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर, त्याला सेक्शन म्हणायचं. सेक्शनचा चौथा हिस्सा १६० एकर. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने शेतकऱ्याला जास्तीत जास्त मिळायची ती हीच १६० एकर. त्याचेही चार तुकडे केले की प्रत्येकी ४० एकर. घर आणि गोठा रस्त्याकडच्या तुकड्यात, आणि सगळ्यात मागचा, लांबचा, बहुतेक वेळा पडीक किंवा झाडीचा, तो बॅक फोर्टी.

गंमत म्हणजे हा तुकडा साखळीने मोजायला फार सोयीचा. गंटर साखळी ६६ फुटांची. वीस साखळ्या लांब, वीस साखळ्या रुंद, झाली चाळीस एकर. एकही अपूर्णांक नाही. मोजणीदाराच्या दृष्टीने याहून सुंदर आकडा नाही.

ही चौकोनी मोजणी सगळ्या अमेरिकेत नाही. टेक्ससमध्ये नाही, मूळच्या तेरा राज्यांतही नाही. आर्कान्सात आहे. त्यामुळे तुमचे शेतकरी मोजून मापून बोलतायत.

कोरी_पाटी

काका, तुमचा प्रतिसाद कापून भिंतीवर लावावा असा आहे. मी चाळिशीपर्यंत पोचले होते!

शब्दवेडा

+१. वाचनखूण साठवली. आणि मला एक धडा. शब्द सोपे आणि अर्थ लागत नाही, की मी लगेच वाक्प्रचाराकडे धावतो. पण तो त्या त्या धंद्यातला साधा शब्दही असू शकतो. कोशात तो सापडतोही, फक्त आपण बॅक आणि फोर्टी वेगवेगळे बघतो.

तिरकस

किक द बकेटही १७८५, जमिनीची मोजणीही १७८५. इंग्रजीवाल्यांना ते वर्ष भलतंच धावपळीचं गेलेलं दिसतंय.

पानगळ

धागा आवडला. वाक्प्रचारांमागच्या कथा मला फार आवडतात. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' कुठून आलं माहितेय का? पूर्वी गवताच्या छपरात कुत्री-मांजरं झोपायची आणि जोराचा पाऊस आला की घसरून खाली पडायची! तसंच 'द होल नाइन यार्ड्स' म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या मशिनगनचा काडतुसांचा पट्टा, नऊ यार्ड लांब. सगळा पट्टा रिकामा केला, म्हणजे पूर्ण जोर लावला.

गवाक्ष

पानगळ, नाराज होऊ नका, पण दोन्ही कथा बाद आहेत. छपरावरच्या कुत्र्या-मांजरांची कथा १९९९ च्या सुमाराला फिरलेल्या एका मेलने घरोघरी पोचवली. कुत्री छपराच्या गवतात झोपायला चढायची कशी, हे त्या मेलने सांगितलेलं नाही. नऊ यार्डांचं तर वर्षच जुळत नाही. इंडियानातल्या एका वृत्तपत्रात १९०७ साली 'द फुल नाइन यार्ड्स' आहे, आणि केंटकीत १९१२ साली 'द होल सिक्स यार्ड्स' छापलेलं आहे. दुसरं महायुद्ध तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. बरं, कधी नऊ तर कधी सहा, म्हणजे आकड्याला मुळात काही अर्थच नसावा. आपलं 'छप्पन्न पाहिलेत' तसंच. तिथे छप्पन्नच का, असं कोणी विचारत नाही.

धाग्यापुरता मुद्दा एवढाच, की कथा सापडली म्हणजे वाक्प्रचार सिद्ध झाला असं नव्हे. आणि कथा खोटी निघाली म्हणून वाक्प्रचार खोटा ठरत नाही.

पानगळ

अरेरे. नऊ यार्डांचं मी इतक्या जणांना सांगितलंय!

कोरी_पाटी

आता तिसरं. दुहेरी अवतरणात टाकून बघितलं. 'पेंटिंग द बार्न डोअर आफ्टर द हॉर्स वॉज गॉन' कुठेच नाही. एकही निकाल नाही. मग गवाक्षांच्या नियमाने हा वाक्प्रचार नाही? पण गावात पूर आलेला असताना कोणी दाराला रंग कशाला देईल?

गवाक्ष

थोडे शब्द काढून शोधा. फक्त 'बार्न डोअर आफ्टर द हॉर्स' एवढंच.

कोरी_पाटी

ओहो. ढिगाने आले. 'क्लोजिंग द बार्न डोअर', 'लॉकिंग', 'शटिंग'. ब्रिटिश पानांवर बार्नऐवजी 'स्टेबल डोअर', आणि घोडा 'बोल्टेड'. घोडा पळून गेल्यावर तबेल्याचं दार लावणे.

म्हणजे आजोबांनी मूळ म्हण घेतली आणि दार लावायच्या जागी रंगवलं!

शब्दवेडा

बरोब्बर. आणि अशा वेळी पूर्ण वाक्याचा शोध फसतो. माणसं म्हणी पाठ केल्यासारख्या थोड्याच वापरतात? मोडतात, अर्ध्यावर सोडतात, वाकवतात. इथे आजोबांना म्हणायचंय की आम्ही दार लावणंसुद्धा केलं नाही, वरवरची रंगरंगोटी केली. म्हणीपेक्षा एक पाऊल पुढे. नुसतं 'वेळ निघून गेल्यावर उपाय' असं भाषांतर केलंत तर म्हण राहील, आजोबा जातील.

मम्मटभक्त

आपल्या साहित्यशास्त्रात याला नेमके शब्द आहेत. लक्षणा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घेणं. ती दोन प्रकारची, रूढीमुळे होणारी आणि प्रयोजनामुळे होणारी. 'कुशल' म्हणजे मुळात कुश हे गवत नीट खुडून आणणारा. आज 'कामात कुशल' म्हणताना कोणाला गवत आठवत नाही. ती रूढी. 'गंगेवर गवळीवाडा' म्हणताना मात्र बोलणाऱ्याला काठाची शीतलता आणि पावित्र्य सुचवायचं असतं, म्हणून तो मुद्दाम तसं बोलतो. ते प्रयोजन. कुत्रा रूढीचा, रंग प्रयोजनाचा.

तिरकस

आणि चाळीस एकर अभिधा, म्हणजे सरळ शब्दार्थ. एका शेतकऱ्याच्या तीन वाक्यांत मम्मटाचा अख्खा काव्यप्रकाश आटोपला.

पानगळ

घोडा आणि दारासाठी आपल्याकडे तयारच आहे की! 'बैल गेला अन् झोपा केला.'

कोरी_पाटी

हो! पण ही म्हण मी वापरली की हमखास कोणीतरी विचारतं, बैल गेल्यावर झोपला का?

सेवानिवृत्त_मोजणीदार

झोपा म्हणजे गोठ्याचं दार, झाप. बांबूच्या किंवा काट्याकुट्यांच्या ताटीचं. बैल गेल्यावर दार केलं. झोपेचा काही संबंध नाही. मात्र दार माहीत नसलेली माणसंही ही म्हण अगदी योग्य जागी वापरतात, हे मी पाहिलं आहे.

गवाक्ष

काका, हीच रूढी. शब्द मेला, म्हण चालू आहे. उद्या कोणी परदेशी माणूस 'झोपा' कोशात शोधेल आणि आपल्यासारखाच अडकेल.

शब्दवेडा

कोरी_पाटी, मग तुम्हीही आजोबांसारखंच करा. म्हण घ्या आणि वाकवा. 'बैल गेल्यावर आम्ही झोप्याला रंग देत बसलो होतो.'

कोरी_पाटी

शब्दवेडा!!! हे जसंच्या तसं घेतेय. संपादकबाईंनी प्रश्नचिन्ह काढलं तर तुमचं नाव सांगेन.

आता कुत्र्याचं काय करू? 'तुमची डाळ शिजणार नाही' मनात आलं होतं.

शब्दवेडा

नको. डाळ माणसाची शिजत नाही. त्यात 'तुझा डाव मी चालू देणार नाही' असा दम आहे. आजोबा योजनेबद्दल बोलतायत. दिसायला चांगली, कामाला निरुपयोगी. कुत्रा शिकारीचा म्हणून पाळायचा आणि तो शिकारच करत नाही.

पानगळ

'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा'?

शब्दवेडा

अर्थ जवळचा आहे, पण त्यात नाव आणि ऐपत यांची थट्टा आहे. आजोबा थट्टा करत नाहीयेत, फक्त नकार देतायत. शिवाय एवढी लांबलचक म्हण तोंडात आली की त्यांचा तुटकपणा जातो. मूळ वाक्य चार शब्दांचं आहे.

जहाजवाला

'हे घोडं काही चालायचं नाही.'

गवाक्ष

हे चांगलंय. पण तिसऱ्या वाक्यातला घोडा तुम्ही बैल केलात, आता कुत्र्याचा घोडा करताय. गोठ्यातली जनावरं मोजून ठेवा.

कोरी_पाटी

घेतलं! 'मी त्यांना सांगितलं, हे घोडं काही चालायचं नाही.' 'मागची चाळीस एकर विकून टाकली.' 'तोवर बैल गेला होता आणि आम्ही झोप्याला रंग देत बसलो होतो.' आज पाठवते. सगळ्यांचे मनापासून आभार.

तिरकस

थांबा. बाकीच्या मुलाखतीत आणखी कुत्री नाहीत ना?

कोरी_पाटी

आहे एक. शेवटची ओळ, मुलाखत घेणाऱ्याची: 'द डॉग हॅडन्ट मूव्ड ऑल आफ्टरनून.'

अवतरणात टाकून शोधलं. मग शब्द कमी करून शोधलं. 'द' कुठून आला तेही बघितलं, दोन ओळी वर 'अ‍ॅन ओल्ड हाउंड' आहे.

हा खरा आहे. फोटोतलाच.